मामाजींचा खोकला

मामाजी घरात शिरायच्या आधी दारात खोकायचे. मामाजी म्हणजे माझे सासरे. खोकला ऐकला की मी डोक्यावरून पदर ओढून आतल्या खोलीत पळायचे. आमच्या करडी गावाकडे सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला तो त्यांना लकवा मारल्यावरच.

डावी बाजू गेली. त्यांना उठवून बसवायला दोन माणसं लागायची, आणि ती संध्याकाळी लांबच्या शेतातून येणार. तोवर मामाजी आढ्याकडे बघत खाटेवर पडून. पाठ लाल व्हायला लागली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, असेच पडून राहिले तर जखमा होतील, मग बसणं विसरा. मामाजींचं एकच मागणं होतं, "मले ओसरीवर बसवा रे. रोवणी तं दिसू द्या." आमची एक धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, ओसरीसमोरच आहे, आणि लावणीचे दिवस होते. मला फार वाईट वाटायचं, आणि घरात असून हात लावायचा नाही, याचा रागही यायचा.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात पेशंटच्या घरच्यांना सेवा कशी करायची ते शिकवणार होते. नवरा रोवणीत अडकलेला, म्हणून मी गेले. सासूबाईंना वाटलं, गोळ्या कशा द्यायच्या ते शिकून येईल. तिथल्या शिकवणाऱ्या बाई तर म्हणाल्या, "चला, एकमेकांना उचला!" माझ्या वाट्याला आला लाखनीचा एक मिशाळ ट्रकवाला, आईची सेवा शिकायला आलेला, धानाच्या पोत्यासारखा जड. मी लाजेनं अर्धी झाले. बाईंनी युक्ती सांगितली: पेशंटच्या कमरेला दुपट्टा बांधून तो धरायचा, त्याच्या लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा लावायचा, आणि त्याला पुढे वाकवायचं. ओढायचं नाही. मी तसं केलं आणि तो गडी चक्क उभा राहिला.

"बाप रे ताई, तुमी तं मले उचललं!" तो म्हणाला. बसमध्ये घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी मामाजींचाच खांद्यावरचा दुपट्टा घेऊन खाटेजवळ गेले. सासूबाई कडाडल्या, "असं करते काय कोणी? लोक का म्हणतीन?"

"लोक येतीन का उचलाले, आत्याबाई?" मी सासूबाईंना विचारलं.

मामाजींनी डोळे गच्च मिटले. "राहू दे बाई. पाप लागन."

"मले लागू द्या. तुमी फक्त समोर वाका."

पहिल्यांदा ते मागे कलंडले. सासूबाई किंचाळल्या. माझा पदर खांद्यावर घसरला, तो मी तसाच राहू दिला. दुसऱ्यांदा मामाजी वाकले, आणि उभे राहिले! मी त्यांना वळवून खुर्चीत बसवलं. खुर्ची ओसरीकडे ओढायला लागले तर दुसऱ्या बाजूनं सासूबाईंनी हात लावला.

ओसरीवर पोचताच मामाजी बांधीतल्या बायांवर ओरडले, "अवो, दाट लावून राहिल्या! पऱ्हे पातळ लावा!" हातात भाताची रोपं धरून बाया चिखलातच हसायला लागल्या. मी मात्र खांबाला धरून रडले. जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी चुलीवर चहा ठेवत होते तर आतून खोकला आला. सवयीनं हात पदराकडे गेला. पुन्हा खोकला, जरा जोरातच. मी जाऊन पाहिलं. मामाजींनी चांगला पाय खाटेखाली सोडला होता, आणि दुपट्टा माझ्यापुढे धरला होता.