टाकीतली पोरां

आबा नाकाने नोकरी करायचे. आमच्या गावाच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मीटर होते, काचेच्या नळ्या होत्या. पण आबा सकाळी टाकीच्या कठड्यावर ओणवे होऊन एक मोठा श्वास घ्यायचे आणि वहीत लिहायचे, ‘पोरां बरी आसत.’ नाहीतर, ‘पोरां रुसली.’ मी नगरपंचायतीत कारकून, ती वही तपासणं माझ्याकडे. “आबा, इथे आकडे लिहायचे असतात हो!” मी करवादायची. “नाक खोटा बोलणा नाय गो बाय,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

पोरं म्हणजे टाकीतले जिवाणू. गावाची घाण खाऊन पाणी निवळवणारे. टाकीतलं पाणी तपकिरी, चहासारखं, आणि खालून सोडलेल्या हवेने सारखं खदखदणारं. वीज गेली की आबा जेवणाचा डबा उघडा टाकून जनरेटरकडे पळायचे. “वारो बंद झालो की गुदमारतत ती!” पर्यटक गेले, हॉटेलं ओस पडली, की पोरांची उपासमार. मग कट्टा गावच्या बाजारातून गूळ आणून, पाण्यात कालवून त्यांना पाजायचा. स्वतःला मधुमेह, चहा बिनसाखरेचा!

केंद्राचं पाणी खाडीला मिळतं, तिथेच ओहोटीला आबांची बायको तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढायची. दर बुधवारी तिसऱ्यांचं सुकं आबांच्या डब्यातून ऑफिसात यायचं. “ह्यां माझा सर्टिफिकेट. खावा!” पहिल्यांदा मी नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू? पुढे मंगळवारपासूनच जीभ चाळवायची.

मग वरचे मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. आमचे साहेब टाकीत डोकावले आणि भडकलेच. “शुद्धीकरण केंद्र म्हणता, आणि हे गढूळ? टाकी उपसा, घासा, स्वच्छ पाणी भरा.” आबा ऑफिसात धावत आले. साहेबांपुढे ते शुद्ध मराठीत बोलायचे. “साहेब, ती घाण नाही. घाण खाणारे जीव आहेत. टाकी धुतलीत तर मरतील, आणि सगळं तसंच खाडीत जाईल.” साहेब हसले. आदेश टाईप करायला मला सांगितला.

आबा माझ्या टेबलाशी आले. “बाय, तू तरी सांग त्येंका. तू तिसरे खाल्लंस मां?”

“मी काय करणार हो आबा?” मी म्हटलं, आणि आदेश छापून सहीला ठेवला. आजही आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

मोठे साहेब आले. “व्वा, तळ दिसतोय!” म्हणाले आणि दोन मिनिटांत गाडीत बसले. इस्त्रीचा शर्ट घालून आबा भिंतीला टेकून उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून गावाचं पाणी जसं यायचं तसंच खाडीत जाऊ लागलं. आबा शेजारच्या गोठ्यातलं शेण आणि गूळ कालवून टाकीत ओतत राहिले. “परत येतली पोरां, येळ लागतलो,” म्हणायचे. तोवर खाडीत तिसऱ्या तोंड वासून पडल्या. त्यांच्या बायकोची टोपली रिकामी परतली. वाडीतल्या लोकांनी शिव्या घातल्या त्याही आबांनाच. पुढे केंद्र चालवणारा ठेकेदार बदलला आणि आबांना घरी बसवलं. आता नवा माणूस फोनवर आकडे सांगतो, मी रकान्यात भरते. सगळे आकडे चोख असतात.

गेल्या महिन्यात आबांना बघायला गेले. अंथरुणाला खिळलेले, डोळ्यांनी दिसत नाही. आवाज ओळखून त्यांनी विचारलं, “बाय, पोरां कशी आसत?”

“बरी आसत आबा,” मी म्हटलं.

तेवढ्यात खाडीकडून वारा आला. काय ती घाण! त्यांची बायको गडबडीने उठली आणि खिडकी लावायला लागली.

“खिडकी कशाक लावतंस?” आबा म्हणाले. “बाय सांगता मां, बरी आसत म्हणान.”