सुपातल्या गोळ्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे सुपात शिशाच्या गोळ्या निवडणं. तेव्हा शहराबाहेरच्या हेब्बाळला शेतं होती. आमच्या नाचणीत डुकरं घुसायची, म्हणून रायफल ठेवलेली आणि काडतुसं मी घरीच भरायचो. छावणीतल्या दुकानदाराने या गोळ्या फार स्वस्तात दिल्या, तेव्हाच मला शंका आली. आमच्या रायफलीच्या नळीखाली काडतुसांचं नळकांडं आहे, त्यात ती एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाला टोचली, तर बार हातातच उडतो. गोळी चपट्या तोंडाचीच हवी. त्या लबाडाने टोकदार मिसळल्याच होत्या.

बायकोने अकरा वेचून काढल्या. मी सूप माझ्याकडे ओढलं.

"अहो, आता माझ्यावर पण संशय?"

"तुला नीट दिसत नाही हल्ली."

"सरी, ठीक आहे, उद्या उजेडात बघा. वीस वर्षांत भातात एक तरी खडा लागला का तुमच्या दाताला?"

त्याच रात्री ती झोपेतच गेली. सकाळी माणसं जमायच्या आधी मी सूप अंगणात नेलं आणि एकेक गोळी बोटाने चाचपली. एकही टोकदार निघाली नाही.