अ‍ॅटलासच्या आडचा आकडा

ती कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे, तिथे खिडकीकडे तोंड करून बसते, कारण दाताचा रंग उजेडातच जुळतो. आधी मेणात दात बसवायचे, मग माणसाला बोलवून चावायला लावायचं, हसायला लावायचं, कुठे टोचतंय का विचारायचं. तीस वर्षं झाली. कामात तिचा हात धरणारं आसपास कोणी नाही.

स्वभावात मात्र एक खोट आहे आणि ती तिला पक्की ठाऊक आहे. दुसऱ्याकडे माणसं रमलेली तिला बघवत नाहीत. पैसाअडका, घरदार, कपडालत्ता याचं तिला काही नाही. शेजारणीनं तीन मजली घर बांधलं तर ही मनापासून कौतुक करून येईल. पण त्याच घरातून दहा माणसांच्या हसण्याचा आवाज आला, की हिच्या पोटात दुखायला लागलंच. हसणाऱ्या माणसांचे दात बघणं हा जिचा धंदा, तिच्या वाट्याला नेमकी हीच खोड यावी, याला काय म्हणावं!

हे सगळं सुरू झालं ती तेरा वर्षांची असताना. जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला एक फाटकं पुस्तक मिळालं, पुढचं पान नसलेलं. त्यात गोष्ट नव्हती. गोष्ट कशी खेळायची याचे नियम होते. एकानं सांगणारा व्हायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, कुणी चोर. सांगणारा म्हणणार, "समोर भुयार आहे, आतून धूर येतोय, काय करता?" आणि खेळणारे सांगतील तशी गोष्ट पुढे जाणार. जमलं की फसलं, हे ठरवायला वीस बाजूंचा फासा लागायचा. तसला फासा गावातल्या एकाही दुकानात नव्हता. दुकानदार म्हणाला, "पोरी, फाशाला सहाच बाजू असतात."

आई शिवणकाम करायची. तिच्या डब्यातून हिनं सदऱ्याची वीस सारखी बटणं उचलली, त्यांवर शाईनं एक ते वीस आकडे घातले आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरली. डबी हलवायची, न बघता एक बटण काढायचं. मोठा आकडा चांगला, लहान आकडा वाईट. खेळणारे आपापलं बटण सगळ्यांसमोर काढायचे. नशिबाचं बटण मात्र सांगणारीनं काढायचं, तेही टेबलावर उभ्या केलेल्या शाळेच्या अ‍ॅटलासच्या आड. पुस्तकातच तसं होतं. म्हणजे आकडा एकटीला दिसणार आणि ती बोलेल त्यावर बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा.

खेळणारे चौघं. समोरच्या घरातले जुळे, खालच्या मजल्यावरची चष्मेवाली आणि हिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे चिमण्या म्हणायचे. चिमण्याचा चोर होता, नाव मांजरपाय. पोरगा एरवी घुमा. शाळेतून आला की दप्तर टाकून गप्प बसायचा. पण शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसला आणि ताईनं गोष्टीला तोंड फोडलं, की त्याचे डोळे मोठे व्हायचे, तोंड अर्धवट उघडं राहायचं आणि पुढचे दोन दात दिसायचे. तो चेहरा फक्त आपल्यालाच काढता येतो, असं तिला वाटायचं. त्या चेहऱ्यासाठी ती आठवडाभर गोष्ट रचायची. जुळ्यांसाठी नाही आणि चष्मेवालीसाठी तर अजिबातच नाही.

दीड वर्ष असं चाललं. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या मुलाकडे कॉम्प्युटर आला.

त्या मुलाला वर्गात शहाण्या म्हणायचे आणि ते कौतुकानं नव्हे. पण आता शहाण्याच्या घरी रांग लागली. टीव्हीला जोडलेला जाडजूड कीबोर्ड, शेजारी टेपरेकॉर्डर. खेळ कॅसेटमधून आत जायचा, त्याला दहा मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ टेप किंचाळत राहायची. कुणी जोरात चाललं आणि वायर हलली की पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ पोरं श्वास रोखून बसायची. हिच्या गोष्टीत राक्षस मेला तरी चुळबुळ करणारे जुळे तिथे पुतळ्यासारखे बसायचे म्हणे.

"काय आहे एवढं त्यात?" ती चिमण्याला म्हणाली.

"ताई, तू ये ना एकदा. तुझ्यासारखंच आहे. गुहा आहे, चोर आहेत. आपण लिहायचं, तो उत्तर देतो."

तुझ्यासारखंच आहे, हे ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी गेली. पडद्यावर हिरवी अक्षरं होती. तुम्ही गुहेत आहात. उत्तरेला दार आहे. तिनं कीबोर्ड ओढून घेतला आणि लिहिलं, दाराला कान लावून ऐक. पडद्यावर आलं, हे मला समजलं नाही. तिनं लिहिलं, दारावर टकटक कर. हे मला समजलं नाही. ती मोठ्यानं हसली. "ठोंब्या आहे हा तुमचा! दारावर टकटकसुद्धा करता येत नाही."

कुणीच हसलं नाही. चिमण्यानं हळूच कीबोर्ड आपल्याकडे घेतला, उत्तरेला जा असं लिहिलं आणि पडद्याकडे बघत राहिला. डोळे मोठे, तोंड अर्धवट उघडं, पुढचे दोन दात. तोच चेहरा! तिनं आठवडाभर डोकं फोडून मिळवायचा तो चेहरा त्या ठोंब्यानं एका ओळीत मिळवला होता. कानामागून आला आणि तिखट झाला. घरी येताना ती एकटीच आली आणि वाटेत रडली. रडली ती रागानं, हे ती आजही कबूल करते.

पुढच्या शनिवारी चिमण्या टेबलाशी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्यात एक रीत होती: जो आला नसेल त्याचं पात्र सरायमध्ये झोपलेलं असतं आणि झोपलेल्याला कुणी हात लावायचा नाही. मांजरपाय दोन शनिवार झोपून राहिला. तिसऱ्या शनिवारी जुळ्यांनी आणि चष्मेवालीनं पात्रांचे कागद मांडले. खाली जिन्यात चिमण्याच्या धावत जाण्याचा आवाज आला. तो शहाण्याकडे निघाला होता.

"सरायला आग लागलीय," ती म्हणाली.

चष्मेवाली दचकली. "अगं, मांजरपाय आत झोपलाय ना?"

"हो. जागा होतो का बघू. पाचच्या वर आकडा आला तर वाचला."

"पण चिमण्या नाहीये. पुढच्या वेळी त्याचं त्यालाच काढू दे ना बटण."

"मग आगीला सांगू का, थांब म्हणून?"

तिनं अ‍ॅटलासच्या आड डबी हलवली आणि बटण काढलं. सतरा. तिला चक्क दिसत होता, आईच्या बटणावरचा सतरा. पाचपेक्षा कितीतरी वर. मांजरपाय नुसता वाचला नसता, पाठीवर कुणाला तरी घेऊन बाहेर आला असता.

"दोन," ती म्हणाली आणि बटण डबीत टाकून डबी खडखडा हलवली.

तिचा हिशोब साधा होता. चोर मेला हे कळलं की चिमण्या धावत येईल, रडेल, भांडेल, आणि मग नवा चोर करायला टेबलाशी बसेल. संध्याकाळी तो आला. चष्मेवालीनं त्याला जिन्यातच सांगितलं होतं. दारात उभा राहून त्यानं एकच विचारलं.

"किती आला?"

"दोन."

त्यानं मान हलवली. "मग काय करणार," म्हणाला आणि आत गेला.

भांडला नाही. विश्वास ठेवला. आणि पुन्हा टेबलाशी कधी बसला नाही, कारण त्या टेबलावर आता त्याचं कुणी उरलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! वर्षाच्या आत जुळेही गेले. चष्मेवाली एकटी काही दिवस येत राहिली. ही तिला कंटाळली.

चिमण्या मोठा झाला, लिफ्ट दुरुस्त करायला लागला. लग्न झालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. बहीणभावात वाकडं असं काही नव्हतं. तो फोन करायचा, तब्येत विचारायचा, तिच्या दवाखान्याची लिफ्ट अडली की स्वतः यायचा. पण कॉम्प्युटरवरचे खेळ तो पुढे खेळतो का, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. सतराचा आकडा तिनं चाळीस वर्षं कुणाला सांगितला नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, आणि नवरा तर असल्या गोष्टी ऐकून लगेच विसरणाऱ्यांतला होता.

मग यंदा चित्रकलेच्या निवृत्त बाई कवळी घेऊन आल्या. बाईंचं वय पंच्याहत्तर.

"खालची जरा घट्ट कर गं," बाई म्हणाल्या. "रविवारी घात होतो. मंत्र म्हणायला गेलं की सुटते."

"कसला मंत्र बाई?"

"आगीचा. मी जादूगारीण आहे ना! आमच्याकडे दर रविवारी सकाळी खेळ असतो, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. एक लिफ्टवाला सांगतो गोष्ट, लहानपणी त्याला चिमण्या म्हणायचे म्हणे. काय सांगतो म्हणून सांगू! आम्ही सहाजण आहोत, पाच वर्षं झाली, एक रविवार चुकवलेला नाही."

तिच्या हातातलं मेण तसंच थंड झालं. पाच वर्षं! सहाजण! आणि सख्ख्या बहिणीला हे गिऱ्हाइकाच्या कवळीतून कळावं?

रविवारी ती गेली. बोलावलं नव्हतं तरी गेली. चिमण्या टेबलाच्या टोकाला बसला होता, पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोटांना ग्रीस. तिला बघताच तो उठला, आणि त्याला इतका आनंद झाला की तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "ताई! अरे, ही माझी ताई! हिनंच तर मला..." त्यानं तिच्यासाठी शेजारी खुर्ची ओढली.

ती बसली आणि जळत राहिली. तो घुमा पोरगा बोलत काय होता, आवाज काय बदलत होता! बाई हसत होत्या, घट्ट केलेली कवळी जागची हलत नव्हती. बसचा कंडक्टर टेबलावर हात आपटत होता. एका नर्सचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. अख्खं टेबल त्याच्या तोंडाकडे बघत होतं. हे सगळं माझं होतं, तिला वाटलं. हे टेबल माझं होतं.

मग नर्सच्या तिरंदाजावर दरड कोसळली. चिमण्यानं वीस बाजूंचा खरा फासा सगळ्यांसमोर टाकला. तीन आला. तिरंदाज मेला. नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्या वेळी सोडा ना. मी दोन वर्षं सांभाळलाय त्याला."

चिमण्यानं फासा उचलला नाही. "माझा पण गेला होता एक चोर," तो म्हणाला. "या ताईनंच मारला. सख्खा भाऊ मी, पण दोन आला म्हणजे दोन. ती आकडा आडोशाला काढायची. तिला सहज म्हणता आलं असतं, दहा आला. तसं ती म्हणाली नाही. मी फार रडलो होतो. पण तेव्हा कळलं की खेळ खरा कशानं होतो. माझा स्वतःवर तेवढा भरवसा नाही, म्हणून मी आपला उघड्यावर टाकतो."

सहाही जणांनी तिच्याकडे आदरानं पाहिलं. नर्सनं डोळे पुसले आणि मान डोलावली. चिमण्याही बघत होता, आणि चाळीस वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, ते मोठे डोळे. पण ते तिच्यासाठी नव्हते. ते त्या दुसऱ्या ताईसाठी होते, खरं बोलणाऱ्या, जी कधी नव्हतीच. जन्मभर तिनं पुष्कळांचा हेवा केला, पण त्या ताईइतका कुणाचा केला नाही. त्या ताईला या टेबलावर क्षणभरही बसू द्यायचं नाही, असं तिच्या मनात आलं.

"सतरा आला होता," ती म्हणाली.

"काय?"

"दोन नाही. सतरा. मी खोटं बोलले. तू शहाण्याकडे जायचास म्हणून."

बाईंनी कवळीवर हात धरला. चिमण्या फाशाकडे बघत बसला. मग त्यानं नर्सकडे पाहिलं. नर्सनं गुपचूप आपल्या तिरंदाजाचा कागद घडी करून पिशवीत घातला.

"चला," तो म्हणाला, "दरडीच्या पलीकडे काय आहे बघू." उरलेला तास तो गोष्ट सांगत राहिला, पण हिच्या बाजूला एकदाही वळला नाही.

निघताना मात्र तो जिन्यापर्यंत पोचवायला आला. कठड्याला धरून उभा राहिला.

"ताई, पुढच्या रविवारी येऊ नकोस."

"बरं."

"एक रविवार मला रागवायला लागेल. त्याच्या पुढच्या ये. नवं पात्र करून आण, सहाजणांत भागत नाही."

ती मान हलवून जिना उतरायला लागली. लाजेनं कान तापले होते, रडू यायचंच बाकी होतं, मन हलकंही झालं होतं. आणि तरी पाचव्या पायरीवर तिच्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की त्या मधल्या रविवारी आपल्या खुर्चीवर कोण बसणार.