नव्या डिस्कमधली खोली

परराज्यातल्या पलसाण्याच्या मिलमध्ये साड्यांच्या छपाईचा जुना कॉम्प्युटर मी सांभाळायचो. एका शेठकडे कामाला असलेल्या एक बाई लिंबायतहून डिझाइनं घेऊन यायच्या. ती फ्लॉपीत मावत नसत, म्हणून अख्खी हार्डडिस्कच ओढणीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन. डिस्क जोडल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायच्या नाहीत.

नव्वदीच्या शेवटी दुकानादुकानांत नवे कॉम्प्युटर आले. त्यांच्या नव्या पद्धतीनं आखलेली डिस्क आमच्या जुन्याला दिसतच नसे. लोक डिस्क घेऊन यायचे आणि हात हलवत परत जायचे. ऐन दिवाळीचा माल अडकला होता. बाईंच्या शेठनंही नवाच घेतल्याचं कानावर आलं होतं. त्या आल्या तेव्हा मी म्हटलं, "बाई, उगाच हेलपाटा पडला."

"तू जोडी तर देख, भाऊ."

जोडली. पडद्यावर एक लहानसा भाग उघडला आणि त्यात सगळी डिझाइनं! शेठ नको म्हणत असताना बाईंनी नव्या डिस्कचा एक कोपरा जुन्या पद्धतीनं आखून ठेवला होता.

"शेठ म्हणे, जूनुं काढी नाखो. पन नवा घरमा बापले एक खोली जोयजे ना, भाऊ?" आमच्या गावाकडच्या बोलीत एवढं बोलून त्यांनी चहा उचलला.

छपाई सुरू झाली. सुपरवायझरनं मला विचारलं, "बाई कहाँ की है?"

मी छाती काढून सांगितलं, "हमारे गाँव की!"

त्यांचं गाव कोणतं, ते मला आजही माहीत नाही.