शिवणीतली माया

माझी वहिनी शिवणकाम करते. तिच्याकडून कपडा शिवून घेतला की पुढे अंग सुटलं तरी घाबरायचं कारण नाही. शिवणीच्या आत ती बोटभर जादा कापड सोडते. शिवणकामात त्याला माया म्हणतात. बाकीचे शिंपी कापड वाचवायला माया चोरतात, वहिनी चोरत नाही. "माणूस काय कायम एका मापात राहतं का?" म्हणते.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा दादा आणि ती दवाखान्यात गेले. तपासण्यांत कमी निघाली ती दादात. पण इंजेक्शनं वहिनीला, पोट टम्म वहिनीचं आणि "हिलाच होत नाही" हे ऐकून घेणंही वहिनीकडेच. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! एकदा नातेवाइकांसमोर मी तोंड उघडणार होते, तर तिने टेबलाखालून माझा पाय दाबला. दादाची झाकली मूठ तिने झाकलीच ठेवली.

टेस्ट ट्यूब बेबीच्या पहिल्या खेपेला खर्चापायी तिचं काज करायचं मशीन विकलं गेलं, दुसऱ्या खेपेला मोटरचं. तिसरी खेपही वाया गेली तेव्हा ती जुन्या पायाच्या मशीनवर बसत होती. दर खेपेला अंगावर सूज यायची आणि वहिनी स्वतःचा कुर्ता उसवून, आतली माया काढून तो मोठा करायची.

अजून दोन गर्भ दवाखान्यात गोठवून ठेवलेले होते. त्यांचं दर वर्षी भाडं भरावं लागायचं. "जन्माला यायच्या आधीच भाडेकरू झाले बघ," वहिनी म्हणायची. आम्ही दोघी हसायचो आणि ती पुन्हा मशीन चालवायला लागायची.

गेल्या महिन्यात दवाखान्यातून फोन आला. आणखी एकदा प्रयत्न करायचा, भाडं भरून ठेवायचे, दुसऱ्या जोडप्याला द्यायचे, की सोडून द्यायचे? काय ते ठरवा. दादा म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीकच जाते. ऐकायला किती गोड! पण सगळं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर.

"देऊन टाक गं कुणाला तरी," मी म्हटलं. "त्यांचं तरी भलं होईल."

"मलाही आधी तसंच वाटलं," वहिनी म्हणाली. "पण उद्या एखादी आई पोराला घेऊन येईल, शर्ट शिवायचाय म्हणून. मी माप घ्यायचं सोडून त्याच्या कानांकडे बघत बसेन, आपले आहेत का म्हणून. प्रत्येक पोराच्या. नाही जमायचं मला."

यात बरोबर काय आणि चूक काय, मला आजही सांगता येत नाही. ती मात्र फार थकली होती, एवढं दिसत होतं.

रविवारी ती पुन्हा घट्ट झालेला तोच कुर्ता उसवत होती. दादा बाहेरून आला. मान वर न करता ती म्हणाली, "माझी माया संपली हो."

म्हणजे कुर्त्याची. पण दादाला शिवणकामातलं ओ का ठो कळत नाही. तो भिंतीला टेकून खालीच बसला.

"संपणारच," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी तुझ्याआड लपलो. कमी माझ्यात आहे, हे आता मीच सांगतो सगळ्यांना. मला मूल हवं होतं गं, अजूनही हवंय. पण थांबू या. हे तू नाही म्हणालीस, मी म्हणतोय."

मी काही बोलणार, तेवढ्यात वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी ओळखलं. कुर्त्याच्या मायेबद्दलची त्याची चूक मी दुरुस्त करायची नव्हती. मग कुर्ता तोंडाशी धरून ती मोठ्याने रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या आठवड्यात दोघांनी दवाखान्यात जाऊन सह्या केल्या. गर्भ सोडून दिले. दुसऱ्या दिवशी मी गेले तर वहिनी स्वतःसाठी नवा कुर्ता बेतत होती. कडेला नेहमीसारखी बोटभर माया सोडलेली होती.

"आता कशाला गं एवढी?" मी म्हटलं. "आता कुठे सुजणार आहेस?"

तिने कात्री खाली ठेवली.

"सवय आहे," ती म्हणाली. "ती काय सह्या केल्या की जाते?"