नासकं रक्त

तिसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या डाव्या घोट्यावर जखम झाली, ती भरेचना. पायाच्या शिरा फुगलेल्या, जखमेतून पाणी झिरपायचं. ठणका असा, की भाकरी थापताना डोळ्यांपुढं अंधारी यायची.

मानवतजवळच्या आमच्या एकत्र घरात थोरल्या जाऊबाईंचा शब्द चालायचा. त्या म्हणाल्या, "हिचं रक्तच नासकं हाय. हिचा हात अन्नाला नको." माझं ताट वेगळं निघालं, अंथरूण कडब्याच्या खोलीत गेलं. नवरा खाली मान घालून बसला. जाऊबाईंच्या लेकीच्या लग्नात मला पंगतीला बसू दिलं नाही. गोठ्यामागं पत्रावळ पाठवली. ती मी म्हशीपुढं सरकवली आणि मनात म्हटलं, थांबा.

भावानं परभणीला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझ्या दंडातून रक्त काढलं आणि यंत्रात गरगर फिरवलं. वर पिवळसर पाणी राहिलं.

"हे तुमच्याच रक्तातलं. जखमेवर घालून बघू."

"नासकं न्हाई ना?"

"रक्त चांगलं आहे, बाई. शिरांच्या झडपा बिघडल्यात, म्हणून ते पायात साचतं."

ते घालून पाय गुडघ्यापर्यंत घट्ट बांधायचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनानं एसटी बंद असली की माझी खेप चुकायची. तरी आधी ठणका गेला, मग जखमेच्या कडा आत सरकल्या, उन्हाळ्यापर्यंत कातडी धरली.

त्याच सुमारास थोरल्या पुतण्याला, जाऊबाईंच्या लेकाला, सेलूची मुलगी सांगून आली. घर बघायला आलेली तिची आई मागच्या दारी मला हळूच म्हणाली, "पोरगी द्यायची हाय. घर कसं हाय, खरं सांगा."

मी लुगडं वर करून वण दाखवला. ताट, कडबा, पत्रावळ, सगळं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही. चहा न घेताच पाहुणे उठले.

जाऊबाई अंगणात कडाडल्या, "माझ्या लेकराचं वाटोळं केलंस!"

"मी खोटं काय बोलले, तेवढं सांगा."

त्या पाय आपटत आत गेल्या. त्या दिवशी मला कितीतरी महिन्यांनी कडकडून भूक लागली.

पुढं मी भांडून चूल वेगळी केली. पाण्याला जाताना त्यांच्या दारावरून जावं लागायचं. तेवढ्या टप्प्यात मी लुगडं मुद्दाम घोट्याच्या वर खोचायची आणि सावकाश चालायची.