रांगेबाहेरचा लांगरी

उपाशीपोटी लढलेली पलटण तुम्ही कधी पाहिलीय का? नाही ना? मग लढाईवरून माणसं परत आली की त्यांच्या छातीवरची पदकं तेवढी तुम्हाला दिसतात, आणि त्या छातीखालचं पोट ज्यानं भरलं तो दिसत नाही, हे कसं?

कवठे महांकाळच्या पुढं, जिथं पाऊस वाट चुकला तरच येतो, त्या माळावरचा हा बिराप्पा. जातीनं धनगर. जर्मनाबरोबरची दुसरी मोठी लढाई चांगली पेटली तेव्हा कवठ्याच्या बाजारात भरतीचा तंबू पडला. गावातली मराठ्यांची पोरं मिशांना पीळ देत निघाली, त्यांच्यामागं हाही निघाला. बायको रंगुबाई दारात आडवी झाली.

"मेंढरं काय सायेब राखणार व्हय?"

"भाऊ हाय की राखाय. मी बंदूक घिऊन यीन, बघ तू."

तंबूतल्या कारकुनानं विचारलं, "काय काय काम येतं रे?"

आता हाच सवाल कुणब्याच्या पोराला केला असता, तर त्यानं नांगर सांगितला असता, मोट सांगितली असती. चुलीचं नाव काही काढलं नसतं. त्यांच्यात गड्यानं चुलीपुढं बसणं म्हणजे मिशी उतरवणं. पण मेंढरामागं रानोमाळ हिंडणाऱ्याला त्यात कसली आलीय लाज? घर मागं राहतं, रान पुढं असतं, आणि ज्या धनगराला भाकरी थापता येत नाही तो उपाशी झोपतो. बिराप्पानं छाती काढून सांगितलं, "समदं येतं, सायेब. मेंढरं राखतो, लोकर कातरतो, आन भाकरी तर अशी थापतो, तव्यावर टम्म फुगती!"

कारकून शेजारच्याकडं बघून हसला. "लांगरी," एवढंच म्हणाला.

बिराप्पाला वाटलं, शिपायातलाच कसलासा हुद्दा असणार. घरी येऊन त्यानं सांगितलं, "लांगरी झालोय मी!" रंगुबाईनं ते पाणवठ्यावर सांगितलं, बाजारात सांगितलं. लांगरी म्हणजे पलटणीचा आचारी, हे त्याला पलटणीत गेल्यावर कळलं. तेही गावच्याच बाळासोच्या तोंडून.

"आरं येड्या, बंदूक कुठली मागतोस? कणीक मळ जा!"

तो गेला आणि त्यानं कणीक मळली. दुसरं काय करणार? अंगठा देऊन बसला होता.

पलटणीत सण आला की शिपायाला सुट्टी. दिवाळीला त्यांचे पत्ते चालायचे, शिमग्याला सोंगं निघायची, ईदला मुसलमान गडी नटायचे, बड्या दिवसाला, म्हणजे नाताळला, गोरे साहेब दारू पिऊन गायचे. सण कुणाचाही असो, चूल बिराप्पाची. जितका सण मोठा तितकी कढई मोठी. अंगावर खाकी होती, पण ती तेलानं काळी पडलेली. आंघोळ करून कपाळाला भंडारा लावावा, देवाचं नाव घ्यावं, एवढी उसंत त्याला चार वर्षांत एका सणाला मिळाली नाही.

एका खंडेनवमीला मात्र त्यानं धाडस केलं. पलटणीत त्या दिवशी शस्त्रांची पूजा. रायफली, संगिनी झेंडूच्या माळा घालून ओळीनं मांडलेल्या. बिराप्पानं आपलं लोखंडी उलथनं राखेनं घासलं, त्याला कुंकू लावलं आणि ओळीच्या अगदी टोकाला ठेवून हात जोडले. हंबीरराव तेव्हा हवालदार होते. तेही गावचेच, पाटलाच्या भावकीतले. त्यांची नजर गेली.

"ह्ये कुणाचं रं?"

"माझं, हवालदार."

"शस्त्रात उलथनं?"

"आवं, आपल्या गावात ज्येच्या त्येच्या हत्याराची पूजा करत्यात. कुणब्याचा नांगर, सुताराची वाकस. माझं हत्यार ह्येच न्हवं का?"

बाळासो ओरडला, "जर्मनाला उलटापालटा करून भाजणार बगा ह्यो!" सगळी पलटण खदखदली. हंबीररावांनी ते उलथनं दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं, आणि बाजूला टाकलं. "जा. मटण करपंल."

बिराप्पा गेला. मटण करपलं नाही. त्याच्या हातचं कधीच काही करपलं नाही, हाच तर त्याचा घात झाला.

पुढं इटलीत बड्या दिवसाच्या सुमारास असा पाऊस लागला की खेचरं पोटापर्यंत चिखलात रुतायची. डोंगरावरच्या खंदकात गावची पोरं अडकलेली, दोन दिवस कोरडी बिस्किटं चावत. बिराप्पानं डाळ-भाताची डेगची गोणपाटात गुंडाळली, डोक्यावर घेतली आणि मेंढरू चढतं तसा आडवा-तिडवा चढला. जायला कुणी हुकूम दिला नव्हता. डेगची पोचली. उतरताना मात्र तोफेचा गोळा जवळ फुटला. मरण काही शिपाई कोण, लांगरी कोण, असं विचारून येत नाही. ते त्याला चाटून गेलं, डाव्या हाताची दोन बोटं आणि डावा कान मात्र घेऊन गेलं.

इस्पितळात बाळासो भेटायला आला. खाटेशी टेकला. मग म्हणाला, "गड्या, परवाचं जेवान गरम हुतं."

बस. एवढंच. त्या एका वाक्यावर बिराप्पानं उरलेली लढाई काढली. बाळासो चांगला कान असलेल्या बाजूला बसला म्हणून तरी ते ऐकू आलं.

लढाई संपली, माणसं सुटून घरी आली. त्या साली गावात नवीन चाल पडली. दसऱ्याला देवाची पालखी शिवेवर सोनं लुटायला निघाली की पलटणीतून आलेल्यांनी वर्दी घालून पुढं चालायचं. हंबीरराव आता सुभेदार होऊन आलेले. त्यांनी "फालीन!" अशी आरोळी द्यायची, सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, आणि गावानं पहिलं सोनं त्यांच्या हातावर ठेवायचं.

बिराप्पाला आयुष्यात दुसरं काही नको होतं. पदक नको, जमीन नको. त्या रांगेत एक जागा पाहिजे होती. गावानं एकदा बघावं, की हाही गेला होता. रंगुबाईनं वर्दी रिठ्यानं तीनदा धुतली. तेलाचे डाग निघाले नाहीत. तांब्यात निखारे घालून तिनं इस्त्री केली. "आज तरी चुलीम्होरं जाऊ नगा," ती म्हणाली.

देवळापुढं आरोळी झाली. बूट वाजले. बिराप्पा रांगेच्या शेवटाला जाऊन ताठ उभा राहिला. हंबीरराव रांग बघत आले आणि त्याच्यापुढं थांबले.

"बिरू, तू हितं? आन शिवेवरनं मंडळी परत आल्यावर खाणार काय? माती?"

"सुभेदार, आज सणाचं..."

"सण हाय म्हणून तर म्हणतोय! सबंध गावाचं जेवान हाय. तुज्याबिगर कुणाला जमणार? शाबास, चल."

बाळासो दोन माणसं सोडून उभा होता. त्याच्या छातीवर दोन पदकं होती. त्यानं बिराप्पाकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि मान खाली घातली.

हे लिहिताना राग येतो. कारण पुढं जे झालं ते कुणी मारून करवलं नाही. बिराप्पा "न्हाई" म्हणू शकत होता. तो आता नोकर नव्हता, हंबीरराव त्याचे सुभेदार नव्हते. पण चार वर्षांत हुकूम हाडात मुरतो. त्याच्या टाचा आपसूक जुळल्या, उजवा हात कपाळाला गेला, आणि तोंडातून निघालं, "जी साब."

तो देवळामागं, गावजेवणाच्या चुलीकडं गेला. वर्दीच्या बाह्या वर केल्या. पालखी वाजतगाजत शिवेकडं गेली. रंगुबाई गर्दीत टाचा उंचावून रांगेत नवरा शोधत राहिली. परतताना तिला धूर दिसला, तेव्हा तिनं ओळखलं. ती त्याच्याजवळ गेली नाही. सरळ घरी जाऊन दार लावून बसली.

तेव्हापासून दर दसऱ्याला तेच चाललंय. लोक जेवून ढेकर देतात आणि म्हणतात, बिराप्पाच्या हाताला चव हाय. चवीचं कौतुक करायला कुणाचं काय जातं!

तुम्ही त्या भागातले असाल, किंवा दसऱ्याला पाहुणे म्हणून त्या गावात जाणार असाल, तर एवढं करा. सुभेदाराच्या हुकमाची वाट बघू नका. देवळामागं जा, चुलीतली लाकडं ओढून पाणी ओता, गावाला एक दिवस उशिरा जेवू द्या. आणि बिराप्पाला दंडाला धरून आणा, रांगेत उभं करा. टोकाला नको, मधोमध.